कर्करोगग्रस्तांची मनोसामाजिक काळजी आणि तिच्यावरील संशोधन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मनोसामाजिक काळजी म्हणजे समुपदेशनच ना?

समुपदेशन हा तिचा एक भाग आहे, पण तेवढ्यावर ती संपत नाही. निदान कळल्यापासून उपचार संपेपर्यंत, आणि पुष्कळदा त्यानंतरही, रुग्णाच्या मनावर, झोपेवर, नात्यांवर, रोजगारावर, शरीराच्या प्रतिमेवर आणि श्रद्धांवर जो परिणाम होतो, तो ओळखणे, मोजणे आणि हलका करणे हे या काळजीचे क्षेत्र आहे. मानसोपचारतज्ज्ञाने दिलेली गोळी तिच्यात येते, तशीच वैद्यकीय समाजसेवकाने भरून दिलेला आर्थिक मदतीचा अर्ज, परिचारिकेने केमोथेरपीच्या आदल्या दिवशी सांगितलेली माहिती आणि परगावाहून आलेल्या कुटुंबाला मिळालेली राहण्याची सोयही तिच्यात येते. ‘मनाचे’ आणि ‘सामाजिक’ हे दोन शब्द एकत्र आले आहेत याचे कारण असे की, ज्याला उद्याच्या तपासणीचे पैसे कुठून आणायचे हे ठाऊक नाही, त्याची चिंता केवळ श्वसनाच्या व्यायामाने जाणार नाही.

या विषयावर स्वतंत्र संशोधन केव्हापासून होऊ लागले?

१९६० च्या दशकापर्यंत अमेरिका आणि युरोपातही कर्करोगाचे नाव रुग्णासमोर उच्चारले जात नसे. आणि ज्याला आपला आजारच ठाऊक नाही, त्याच्या मनाचा अभ्यास तरी कसा करणार? इंग्लंडमध्ये सिसिली साँडर्स यांनी याच दशकात ‘समग्र वेदना’ ही कल्पना मांडली. दुखणे केवळ गाठीतून येत नाही, भीती, एकटेपणा, घरची काळजी आणि आयुष्याच्या अर्थाविषयीचे प्रश्न त्यात मिसळलेले असतात, असे त्या सांगत. १९६७ मध्ये त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हे मरणासन्न रुग्णांसाठीचे शुश्रूषागृह (हॉस्पिस) सुरू केले. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात १९७७ मध्ये जिमी हॉलंड या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी कर्करुग्णांसाठी स्वतंत्र मानसोपचार सेवा उभारली. ‘सायको-ऑन्कॉलॉजी’ म्हणजे मनोकर्करोगशास्त्र ही शाखा आकाराला येण्याचे मोठे श्रेय त्यांना दिले जाते. या शाखेची आंतरराष्ट्रीय संघटना १९८४ मध्ये स्थापन झाली.

कर्करोग झालेल्या प्रत्येकाला नैराश्य येतेच का?

येत नाही, आणि ही गोष्ट आकडेवारीने दाखवून दिली गेली आहे. १९८३ मध्ये लिओनार्ड डेरोगाटिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील तीन कर्करोग केंद्रांमधील २१५ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ४७ टक्के रुग्णांमध्ये निदान करता येईल असा मानसिक विकार आढळला. परंतु या रुग्णांतील दोन तृतीयांशांहून अधिक जणांना परिस्थितीशी जुळवून घेताना होणारा त्रास होता, तीव्र मानसिक आजार नव्हे. याचाच दुसरा अर्थ असा की, निम्म्याहून थोडे अधिक लोक हा धक्का आपापल्या परीने पेलत होते.

पुढे २०११ मध्ये अ‍ॅलेक्स मिचेल यांच्या गटाने अशा ९४ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. या सर्व अभ्यासांत प्रत्यक्ष मुलाखतीतून निदान झाले होते, केवळ प्रश्नावली भरून घेतलेली नव्हती, हे विशेष. उपचार घेणाऱ्या रुग्णांमध्ये निकषांनुसार नैराश्याचे प्रमाण सुमारे १६ टक्के, समायोजनाच्या म्हणजे परिस्थितीशी जुळवून घेण्याच्या विकाराचे १९ टक्के आणि चिंताविकाराचे १० टक्के निघाले, आणि कोणताही मनःस्थितीचा विकार असणाऱ्यांचे प्रमाण ३८ टक्क्यांच्या आसपास भरले. म्हणजे साधारणपणे सहापैकी एकाला नैराश्य. ‘एवढा मोठा आजार आहे, उदास वाटणारच’ असे म्हणून त्या एकाकडे दुर्लक्ष होते, आणि उरलेल्या पाचांना मात्र विनाकारण ‘तू आतून खचलेला असशील’ असे सुनावले जाते. आपल्याकडे या दोन्ही चुका एकाच घरात, एकाच आठवड्यात घडताना दिसतात.

स्कॉटलंडमध्ये २१ हजारांहून अधिक रुग्णांची तपासणी करणाऱ्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने आणखी एक गोष्ट पुढे आणली : ज्यांना तीव्र नैराश्य होते, त्यांच्यापैकी ७३ टक्के रुग्णांना त्यासाठी कोणताही परिणामकारक उपचार मिळत नव्हता. सर्वांसाठी सरकारी आरोग्यसेवा असलेल्या देशातील हा आकडा आहे, हे लक्षात ठेवलेले बरे.

साहजिक दुःख आणि नैराश्य यांतला फरक कसा ओळखायचा?

हा प्रश्न तज्ज्ञांनाही अडचणीत टाकतो. नैराश्याची जी नेहमीची लक्षणे आहेत, म्हणजे थकवा, वजन घटणे, झोप न लागणे, जेवणावर वासना नसणे, ती सगळी कर्करोगामुळे किंवा केमोथेरपीमुळेही होतात. म्हणून या रुग्णांमध्ये शरीराच्या तक्रारींपेक्षा मनाच्या खुणांना अधिक महत्त्व द्यावे, असे संशोधक सुचवतात : दोन आठवड्यांहून अधिक काळ, दिवसाचा बहुतेक वेळ उदास वाटणे, पूर्वी आवडणाऱ्या कशातच जीव न रमणे, आपण घरच्यांवर भार झालो आहोत असे सतत वाटणे, अपराधीपणा, आणि मरणाचे विचार. दुःखात असलेला माणूस नातवंड आले की क्षणभर हसतो, क्रिकेटचा स्कोअर विचारतो. नैराश्यात असलेल्या माणसाचा तो क्षणही हरवलेला असतो. अर्थात हा ठोकताळा आहे, निदान नव्हे.

रुग्णालयातील रुग्णांसाठी १९८३ मध्ये झिगमंड आणि स्नेथ यांनी तयार केलेली चिंता-नैराश्य मापनश्रेणी याच अडचणीतून जन्मली. तिच्यातील १४ प्रश्नांपैकी सात चिंतेबद्दल व सात नैराश्याबद्दल आहेत, आणि शारीरिक आजाराशी गल्लत होईल अशी लक्षणे त्यातून मुद्दाम वगळली आहेत.

मनाचा ताण मोजणारा ‘थर्मामीटर’ असतो, हे खरे का?

खरे आहे, पण तो काचेचा नसून कागदावरचा असतो. शून्य ते दहा अशा खुणा असलेले थर्मामीटरचे चित्र रुग्णापुढे ठेवतात आणि गेल्या आठवड्यात किती त्रास जाणवला ते त्यावर दाखवायला सांगतात. शेजारी अडचणींची यादी असते, तिच्यात पैसे, प्रवास, मुले, झोप, वेदना, श्रद्धा असे विषय असतात. चार किंवा त्याहून अधिक आकडा आला, तर पुढील विचारपूस करावी असा संकेत आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत हे साधन पुढे आले. ‘तुम्हाला मानसिक त्रास आहे का?’ या प्रश्नाला बहुतेक माणसे ‘नाही’ म्हणतात, पण आकडा दाखवताना संकोचत नाहीत, हे त्यामागचे साधे निरीक्षण होते. कॅनडाने २००४ मध्ये नाडी, ताप, श्वास, रक्तदाब आणि वेदना यांच्या जोडीला मानसिक त्रास हे सहावे ‘जीवनचिन्ह’ मानले.

मात्र केवळ आकडा नोंदवून कोणाचे भले होत नाही. पुढे पाठवायला समुपदेशक नसेल, समाजसेवकाकडे वेळ नसेल, तर तपासणी हा फायलीत वाढलेला आणखी एक कागद ठरतो. संशोधकांमध्ये या मुद्द्यावर बराच वाद झाला आहे आणि त्यात टीकाकारांची बाजू मला अधिक वजनदार वाटते.

मानसोपचार घेतल्याने आयुष्य वाढते का?

या क्षेत्रातील सर्वांत गाजलेला आणि सर्वांत अधिक गैरसमज पसरवणारा प्रश्न हाच आहे, म्हणून थोडे सविस्तर.

१९८९ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांनी स्तनाचा कर्करोग शरीरात अन्यत्र पसरलेल्या ८६ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील काही जणी वर्षभर दर आठवड्याला एका गटात भेटत, मनातले बोलत, वेदना सुसह्य करण्यासाठी स्वसंमोहन शिकत. उरलेल्यांना नेहमीचेच उपचार मिळाले. मुळात हा अभ्यास आयुष्यमान मोजण्यासाठी आखलेला नव्हता. पण दहा वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा गटात बसलेल्या स्त्रिया अभ्यासात आल्यापासून सरासरी ३६.६ महिने आणि इतर १८.९ महिने जगल्याचे दिसले. जगभर बातम्या झाल्या. ‘मन खंबीर असेल तर कर्करोग हरतो’ या समजुतीला जणू विज्ञानाचा शिक्का मिळाला.

विज्ञानात एका निकालावर घर बांधत नाहीत. कॅनडात पामेला गुडविन यांच्या गटाने त्याच पद्धतीचा प्रयोग २३५ स्त्रियांवर केला आणि २००१ मध्ये निष्कर्ष मांडला : आयुष्यमानात काहीच फरक नाही, दोन्ही गट जवळपास १८ महिनेच जगले. परंतु गटात बसलेल्या स्त्रियांचा मानसिक त्रास कमी झाला, वेदना कमी जाणवल्या, आणि ज्या सुरुवातीला अधिक त्रासात होत्या त्यांना लाभही अधिक झाला. स्वतः स्पीगल यांनी १२५ स्त्रियांवर पुन्हा केलेल्या प्रयोगातही, २००७ मध्ये, एकूण आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. स्वतःच्या गाजलेल्या निष्कर्षाला छेद देणारा निकाल त्यांनी जसाच्या तसा छापला, याबद्दल त्यांचा आदरच वाटतो.

मग २०१० मध्ये बोस्टनमधील जेनिफर टेमेल यांचा अभ्यास आला. फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना निदानानंतर लगेच, कर्करोगाच्या नेहमीच्या उपचारांबरोबरच, परिहार सेवेच्या, म्हणजे वेदना व इतर त्रास हलका करणाऱ्या पॅलिएटिव्ह केअरच्या, पथकाशी जोडून दिले. त्या रुग्णांमध्ये नैराश्याची लक्षणे १६ टक्क्यांना दिसली, तर इतरांमध्ये ३८ टक्क्यांना. शेवटच्या काळात त्यांच्यावर आक्रमक उपचारही कमी झाले, आणि तरी त्यांचे मध्यक आयुष्य (म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) ११.६ महिने भरले, इतरांचे ८.९ महिने. हा फरक मनोबलामुळे पडला असे म्हणता येत नाही. त्या पथकात डॉक्टर व परिचारिका होत्या, त्यांनी लक्षणे वेळीच आटोक्यात आणली, निर्णय घ्यायला मदत केली. शिवाय आयुष्यमान हा त्या अभ्यासाचा मुख्य प्रश्न नव्हता.

तेव्हा उत्तर असे : गटोपचाराने वा समुपदेशनाने गाठ लहान होते, आयुष्य लांबते, असा भरवशाचा पुरावा नाही. त्रास कमी होतो, याचा आहे. आणि दुखणाऱ्या दातासाठी भूल देताना जसे कोणी ‘याने आयुष्य किती वाढेल?’ असे विचारत नाही, तसे मनाच्या उपचाराबाबतही विचारण्याचे कारण नाही.

घरचे सतत ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणतात. तसे न राहिल्यास आजार बळावतो का?

या कल्पनेचे मूळ लंडनमधील १९७९ च्या एका अभ्यासात सापडते. स्तनाच्या कर्करोगाच्या केवळ ६९ रुग्णांच्या त्या अभ्यासात ‘लढाऊ वृत्ती’ दाखवणाऱ्या स्त्रिया अधिक काळ बऱ्या राहिल्याचे दिसले होते. वीस वर्षांनी, १९९९ मध्ये, ५७८ स्त्रियांवर तीच गोष्ट तपासली गेली तेव्हा लढाऊ वृत्तीचा कोणताही लाभ आढळला नाही. तीव्र हताशपणा आणि नैराश्य असलेल्यांमध्ये मात्र परिणाम काहीसे वाईट दिसले. २००२ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा एकत्र आढावा घेणाऱ्या पेटिक्रू आणि सहकाऱ्यांनी, सामना करण्याच्या कोणत्याही विशिष्ट पद्धतीचा जगण्याशी ठोस संबंध दिसत नाही, असे म्हटले. डोके व मानेच्या कर्करोगाच्या १०९३ रुग्णांवरील २००७ च्या अभ्यासातही भावनिक स्वास्थ्यावरून आयुष्यमानाचा अंदाज बांधता आला नाही.

नैराश्यावर उपचार करायलाच हवेत, पण हसतमुख राहण्याची सक्ती हा काही उपचार नाही. जो रुग्ण रडतो, चिडतो, ‘मला भीती वाटते’ म्हणतो, तो आपला आजार वाढवत नसतो. उलट ‘धीर सोडू नकोस’ या वाक्याने अनेकदा बोलणेच बंद पडते. कारण त्यानंतर खरे बोलणे म्हणजे धीर सोडल्याची कबुली ठरते. आजार परत उलटला, तर ‘मीच कमी पडलो’ ही अपराधाची टोचणी वर राहते. त्यापेक्षा शेजारी बसून ‘आज कसं वाटतंय?’ एवढे विचारून उत्तराची वाट पाहिली तरी पुरे.

मग कोणत्या उपचारांना खरोखर पुरावा आहे?

नैराश्यासाठी सर्वांत ठळक पुरावा स्कॉटलंडमधील मायकेल शार्प आणि जेन वॉकर यांच्या २०१४ च्या प्रयोगाचा आहे. तीव्र नैराश्य असलेल्या ५०० कर्करुग्णांची त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली. एका गटाच्या डॉक्टरांना रुग्णाच्या नैराश्याची माहिती देऊन नेहमीची सेवा चालू ठेवण्यात आली. दुसऱ्या गटाला खास प्रशिक्षित परिचारिका भेटत, अडचणी एकेक करून सोडवण्याची पद्धत शिकवत, औषधे नियमित चालू आहेत का हे पाहत, आणि त्यांच्या मागे मानसोपचारतज्ज्ञ उभा असे. २४ आठवड्यांनी दुसऱ्या गटातील ६२ टक्के रुग्णांचे नैराश्य निम्म्याने तरी उतरले होते, तर पहिल्या गटात हे प्रमाण १७ टक्के होते. वैद्यकीय प्रयोगांत इतका मोठा फरक क्वचितच दिसतो. यातील बरेचसे काम परिचारिकांनी केले, हे आपल्यासारख्या मानसोपचारतज्ज्ञांची टंचाई असलेल्या देशाने विशेष ध्यानात घ्यावे.

बऱ्या न होणाऱ्या आजारासाठी टोरंटोच्या गॅरी रॉडिन यांनी तीन ते सहा बैठकांची एक पद्धत विकसित केली आहे. तिच्यात लक्षणे, नाती, जगण्याचा अर्थ आणि मृत्यूची भीती यांवर मोकळेपणाने बोलले जाते. ३०५ रुग्णांवरील २०१८ च्या प्रयोगात तिने नैराश्याची लक्षणे कमी झाली. न्यूयॉर्कचे विल्यम ब्राइटबार्ट यांनी मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांच्या विचारांवर आधारलेली, जगण्याच्या अर्थावर केंद्रित असलेली पद्धत आणली. कॅनडाचे हार्वी चोचिनोव्ह यांच्या ‘सन्मान उपचारा’त रुग्णाकडून आयुष्याच्या आठवणी, घरच्यांना सांगायच्या गोष्टी टिपून घेऊन त्यांचा मजकूर तयार करून कुटुंबाला दिला जातो. ३२६ रुग्णांवरील २०११ च्या प्रयोगात या उपचाराने मुख्य मापनांत फरक पडला नाही, तरीही रुग्णांनी तो अधिक उपयुक्त वाटल्याचे आणि त्याने सन्मानाची भावना वाढल्याचे सांगितले. मापनश्रेणी आणि माणसाचे म्हणणे असे परस्परविरोधी निघाले की कोणाचे ऐकावे, हा प्रश्न संशोधकांपुढे आजही आहे.

नैराश्याच्या गोळ्या कर्करोगाच्या औषधांबरोबर चालतात का?

बहुतेक चालतात, परंतु मनाच्या डॉक्टरांना कर्करोगाची सगळी औषधे सांगितली पाहिजेत. स्तनाच्या कर्करोगात दिले जाणारे टॅमॉक्सिफेन यकृतातील एका विकरामुळे (एन्झाइममुळे) अधिक प्रभावी रूपात बदलते, आणि पॅरोक्सेटिन व फ्लुऑक्सेटिन ही नैराश्यावरील औषधे नेमके तेच विकर रोखतात. म्हणून टॅमॉक्सिफेन चालू असताना व्हेन्लाफॅक्सिनसारखा दुसरा पर्याय निवडण्याकडे कल असतो. स्वतःहून कोणतीही गोळी बंद मात्र करू नये.

रुग्णाला कर्करोग असल्याचे सांगावे की लपवावे?

‘डॉक्टर, आम्हाला सांगा, पण त्यांना काही बोलू नका’ ही विनंती महाराष्ट्रातील कर्करोगतज्ज्ञाला नवी नाही. तिच्यामागे माया असते, याबद्दल शंका घेऊ नये. मुलाला वाटते, वडील हाय खातील. बायकोला वाटते, नाव ऐकूनच ते अर्धे होतील. भारतातील संशोधनातही कुटुंबीय लपवण्याची हीच कारणे देतात, आणि आपल्याकडे निर्णय एकट्या रुग्णाचा नसून घराचा असतो, हेही त्यात पुन्हा पुन्हा दिसते.

अडचण अशी की लपवलेले फारसे लपत नाही. गावाकडे ‘टाटाला नेलं’ एवढे म्हटले तरी काय ते समजते. परळच्या या रुग्णालयाचे नावच आजाराचे नाव होऊन बसले आहे. रुग्ण बाह्यरुग्ण विभागातील पाट्या वाचतो, शेजारच्या बाकावरच्या माणसाशी बोलतो, केस गळताना पाहतो. मग त्याला माहीत असते, घरच्यांना माहीत असते, आणि दोघेही एकमेकांसमोर काही माहीत नसल्यासारखे वागतात. मृत्युपत्र, शेतीची वाटणी, बँकेतील खाते, दूर राहणाऱ्या बहिणीला एकदा भेटण्याची इच्छा, यांतले काहीच मग बोलले जात नाही.

यावरचा उपाय म्हणजे बळजबरीने सत्य तोंडावर फेकणे नव्हे. वाईट बातमी सांगण्याची जी सहा टप्प्यांची पद्धत २००० साली प्रसिद्ध झाली आणि जगभर शिकवली जाते, तिच्यात बातमी सांगण्याच्या आधी दोन प्रश्न येतात : रुग्णाला आपल्या आजाराबद्दल काय ठाऊक आहे, आणि त्याला किती जाणून घ्यायचे आहे? ‘मला नको, माझ्या मुलाशी बोला’ असे एखाद्या आजोबांनी स्वतः सांगितले, तर तो त्यांचा अधिकार झाला. त्यांना न विचारता त्यांच्या वतीने तो निर्णय घेणे ही निराळी गोष्ट आहे. कुटुंबीयांना दोष न देता, ‘त्यांनी मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, न विचारलं तर लादणार नाही’ असे डॉक्टरांनी आधीच स्पष्ट केले, की बहुतेक घरांतील ताण बराच सैल होतो.

ही सारी संशोधने परदेशातील आहेत. ती आपल्याकडे लागू पडतात का?

काही पडतात, काही नाही. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतील डॉ. संतोष चतुर्वेदी यांनी १९९१ मध्येच हा प्रश्न उपस्थित केला होता. जीवनाच्या गुणवत्तेत काय महत्त्वाचे वाटते, याच्या त्यांच्या अभ्यासात मनःशांती, आध्यात्मिक समाधान आणि कुटुंबाविषयीचे समाधान यांना शारीरिक कार्यक्षमतेहून अधिक महत्त्व दिले गेले. पाश्चात्त्य मापनश्रेणींत तेव्हा याच बाबींना फार कमी जागा होती.

दुसरा मुद्दा भाषेचा. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या युरोपीय संस्थेची ३० प्रश्नांची जीवनगुणवत्ता प्रश्नावली मराठीत उपलब्ध आहे, आणि असे भाषांतर करताना दोघांकडून स्वतंत्र अनुवाद, मग उलट अनुवाद, मग प्रत्यक्ष रुग्णांवर चाचणी असा क्रम पाळला जातो. तरीही ‘तुम्हाला खिन्न वाटते का?’ या प्रश्नाला विदर्भातील शेतकरी बाई ‘नाही’ म्हणेल आणि पुढच्याच वाक्यात ‘जीव लागत नाही कशात, छाती भरून येते’ असे सांगेल. आपल्याकडे मनाचे दुखणे पुष्कळदा शरीराच्या भाषेत बोलते. ते ऐकू येणारा कान प्रशिक्षणात तयार करावा लागतो.

तिसरा मुद्दा पैशाचा आणि अंतराचा, आणि तो मला सर्वांत मोठा वाटतो. १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये देशभरातून रुग्ण येतात. महिनोन्‌महिने मुंबईत राहावे लागते, सोबतच्या माणसाची मजुरी बुडते, धाकटी मुले गावी आजीकडे राहतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने अशा कुटुंबांना आसरा दिला आहे. बालरुग्णांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड इंडिया ही संस्था २००६ पासून मुंबईत निवासाची सोय करते. महात्मा फुले जन आरोग्य योजना, कर्करुग्णाला रेल्वेभाड्यात मिळणारी सवलत, यांची माहिती योग्य वेळी मिळणे हीसुद्धा मनोसामाजिक काळजीच आहे. टाटा केंद्राने टाटा सामाजिक विज्ञान संस्थेबरोबर रुग्णमार्गदर्शकांचा अभ्यासक्रम सुरू केला, त्याला ‘केवट’ असे नाव दिले. रामाला गंगेपार नेणाऱ्या नावाड्याचे हे नाव ज्याला सुचले, त्याला या कामाचे मर्म कळले होते.

तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांना अधिक त्रास होतो का?

डोके आणि मानेच्या कर्करोगाचे प्रमाण भारतात फार मोठे आहे, आणि तंबाखू हे त्यामागचे मुख्य कारण. शस्त्रक्रियेनंतर चेहरा बदलतो, बोलणे अस्पष्ट होते, चारचौघांत जेवता येत नाही. त्यात ‘तंबाखू खाल्लीस, भोग आता’ असे ऐकावे लागते. स्वतःला दोष देणे आणि लोकांना टाळणे या दोन्ही गोष्टी या रुग्णांमध्ये अधिक दिसतात. बोलण्याचे व गिळण्याचे व्यायाम शिकवणारे तज्ज्ञ आणि याच शस्त्रक्रियेतून गेलेला एखादा जुना रुग्ण यांचा उपयोग येथे मोठा होतो.

जाता जाता : कर्करोग उष्ट्याने, स्पर्शाने किंवा एका खोलीत झोपल्याने लागत नाही. रुग्णाची ताटवाटी वेगळी ठेवण्याचे काहीही कारण नाही.

काळजी घेणाऱ्यांची काळजी कोणी घ्यायची?

संशोधनात त्यांची नोंद उशिरा झाली, हे खरे. अमेरिकेत ग्रामीण भागात झालेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात परिहार सेवेचा आधार काळजीवाहकांना निदानानंतर लवकर मिळाला, तर त्यांच्यातील नैराश्य उशिरा आधार मिळालेल्यांपेक्षा कमी राहिल्याचे आढळले. आपल्याकडे हा भार बहुधा सुनेवर, बायकोवर किंवा मुलीवर पडतो आणि तिला ‘तू कशी आहेस?’ हे कोणी विचारत नाही. रात्रीची पाळी वाटून घेणे, आठवड्यातून एक दुपार तिला मोकळी देणे, अशा साध्या गोष्टींनी फरक पडतो. आजार पुढे गेला असेल तर पुण्यात वारजे येथील सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून विनामूल्य सेवा देते. मुंबईत वांद्र्याचे शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे, आणि त्याची शाखा गोव्यातही आहे.

उपचार संपले, रिपोर्ट चांगले आहेत, तरी भीती का जात नाही?

कारण भीती अवास्तव नसते. आजार उलटू शकतो हे रुग्णाला ठाऊक असते. तपासणीची तारीख जवळ आली की झोप उडते, साधी पाठ दुखली तरी मनात पाल चुकचुकते. ऑस्ट्रेलियात फिलिस बुटो यांच्या गटाने २२२ जणांवर केलेल्या २०१७ च्या प्रयोगात, भीतीच्या विचाराशी झुंजण्याऐवजी तो आला तरी लक्ष दुसरीकडे वळवायला आणि आपल्याला मोलाच्या वाटणाऱ्या गोष्टी करत राहायला शिकवले गेले. पाच बैठकांनंतर भीती केवळ शिथिलीकरण, म्हणजे शरीर-मन सैल सोडण्याचे व्यायाम, शिकलेल्यांपेक्षा अधिक उतरली. ती पूर्णपणे गेली नाही, आणि तसा दावाही कोणी केला नाही.

रुग्ण ‘मला जगायचंच नाही’ असे म्हणत असेल तर?

ते गंभीरपणे घ्यावे. स्वीडनमधील २०१२ च्या मोठ्या अभ्यासात कर्करोग नसलेल्यांच्या तुलनेत आत्महत्येचा धोका निदानानंतरच्या पहिल्या आठवड्यात सर्वाधिक आढळला. प्रत्यक्ष घटना थोड्या असल्या तरी तो काळ नाजूक असतो. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारल्याने विचार बळावत नाही. वेदना असह्य आहेत का, हेही त्याच वेळी विचारावे, कारण पुष्कळदा मरण नको असते, दुखणे नको असते. रुग्णाला एकटे सोडू नये, उपचार करणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो आणि तेथे मराठीत बोलता येते.

अशा संशोधनात भाग घ्यायला सांगितले तर घ्यावा का?

भाग घेणे ऐच्छिक असते, आणि नकार दिल्याने उपचारांत कसलाही फरक पडता कामा नये. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती देऊन संमती घेणे बंधनकारक आहे. सही करण्यापूर्वी संमतिपत्र मराठीत मागावे, घरी नेऊन वाचावे, आणि तीन गोष्टी विचाराव्यात : नीतिसमितीची मान्यता आहे का, माझी उत्तरे कोण वाचणार, आणि प्रश्नांमुळे मन अस्वस्थ झाले तर मी कोणाशी बोलायचे? तिसऱ्या प्रश्नाला संशोधकाकडे माणसाच्या नावानिशी उत्तर नसेल, तर ते मिळेपर्यंत सही लांबवायला हरकत नाही.